सहावा फोटो

रूपराव तिसऱ्यांदा जिना चढून आले, तेव्हा गजेंद्र काउंटरखाली वाकून काहीतरी शोधू लागला. काउंटरखाली शोधण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सापडू दे आरामात," रूपराव म्हणाले आणि स्टुलावर बसले. "मले घाई नाई. गावाची, आंजीची जीप पाच वाजता हाये."

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत बंडूजींच्या किराणा दुकानावर गजेंद्रचा व्हिडिओ स्टुडिओ होता. खाली बाप साखर तोलायचा, वर पोरगा लग्नं जोडायचा. उन्हाळ्यात तीस-पस्तीस लग्नं शूट करायची आणि मग दिवाळीपर्यंत ती कॉम्प्युटरवर कापून, जोडून, गाणी लावून सीडीवर उतरवायची, असा धंदा. खालच्या मिरचीचा ठसका वर यायचा, त्यामुळे स्टुडिओत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तरी कोणी विचारत नसे. कॉम्प्युटरवरचं खरं काम गजेंद्रची बायको ज्योत्स्ना करायची. तिनं लग्नाआधी नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स केला होता. गजेंद्रनं कोर्स केला नव्हता, पण कॉम्प्युटर त्यानं विकत आणला होता, म्हणून त्याच्या सेटिंगा तोच करायचा.

शेवटी गजेंद्रनं काउंटरखालून डोकं वर काढलं. हातात एक खोडरबर होतं.

"काकाजी, आता काय झालं?"

"तेच. हात अडखळते."

"मी तुमाले सांगतलं होतं, प्लेअरची लेन्स पुसा."

"पुसली."

"पिन बदलवा म्हटलं होतं."

"बदलवली. मंग शेजारच्या चिंधूच्या घरी त्याच्या प्लेअरवर लावून पाह्यली. मंग सरपंचाच्या घरी लावली. तीन प्लेअर झाले, तीन टीव्ही झाले. हात तिथंच अडखळते." रूपरावांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून फडकं काढलं आणि फडक्यातून सीडी काढून काउंटरवर ठेवली. "मशीन बदलली तरी खटका तोच असन, तर खटका मालात असते."

हे ते अंदाजानं बोलत नव्हते. वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. कोणता पट्टा घसरतो, कोणत्या चाकाचा दात झिजला, हे ते फाटकातूनच ऐकून सांगायचे. मालक म्हणायचा, रूपराव रजेवर असले की मशिनीसुद्धा लाडात येतात. आता रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण कान आणि डोळे रिटायर झाले नव्हते.

हात अडखळत होता तो विमलाबाईंचा. रूपरावांची बायको. मागच्या दिवाळीनंतर ती गेली. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मुलगी छाया, जावई, रूपरावांची बहीण तानाबाई, सगळे आंजीला येणार होते.

कॅसेट होती छायाच्या लग्नाची, शहाण्णव सालची. दहा वर्षं कपाटात डांबरगोळ्यांजवळ पडून होती. विमलाबाई होत्या तोपर्यंत कोणी तिला हात लावला नाही. कायले लावावा? माणूस घरातच होतं. ती गेल्यावर रूपरावांनी कॅसेट काढली, तर टेपेवर पांढरी बुरशी. ते ती घेऊन गजेंद्रकडं आले. गजेंद्रनं ती एकदा पूर्ण चालवून कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली, तिथपर्यंत ठीक झालं. पण उलटी गुंडाळताना व्हीसीआरनं टेप गिळली. बाहेर काढली तेव्हा ती चुरगाळून तुटली होती आणि तुटली ती नेमकी हळदीच्या जागी. गजेंद्रनं कान पकडले. मशीन कधी कधी माल गिळते, हे रूपरावांना माहीत होतं.

म्हणजे विमलाबाईंचं चालतंबोलतं जे काही उरलं होतं, ते आता त्या कॉम्प्युटरमध्ये होतं तेवढंच. घरात दोन फोटो होते. पण फोटोत ती फोटोसाठी बसलेली होती. तशी ती एरवी कधी बसली नव्हती.

तीन तासांच्या लग्नात ती दिसायची ती पळताना. कोणाला पान दे, कोणाला पाटावर बसव. कॅमेऱ्याकडं पाठ. नीट दिसायची फक्त एकदा, सत्तर सेकंद. मांडवाखाली तानाबाईबरोबर जात्यावर हळद दळताना. बाया गाणं म्हणत होत्या. रूपराव कॅमेरेवाल्याच्या बाजूला उभे होते, नवा कोरा सदरा घालून. दळता दळता विमलाबाईंची नजर त्यांच्यावर गेली. जातं थांबलं. तिनं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अवो, गुंड्या तरी नीट लावा!" सगळ्या बाया हसल्या. पुन्हा जातं सुरू.

तेवढंच. त्यासाठी माणूस महिन्यात तीनदा आंजीहून येत होता.

"काकाजी, जुनी कॅसेट हाये," गजेंद्र म्हणाला. "इतकं तर चालतेच. अक्षता पडतात तिथं पाहा ना, सगळे पाहुणे चौकोनी होतात. तिथं तुमी काही बोलले नाई."

"थे मले तुह्या बायकोनं समजावून सांगतलं. सीडीत जागा कमी. हजार दाणे एकदम उडाले की तिले सगळे सांभाळता येत नाई, मंग थे पाहुण्याइचे ठोकळे करते. पटलं मले. पाहुण्याइचं जाऊ दे. पण जात्यावर कुठं हजार दाणे उडून राह्यले? तिथं दोनच बाया हायेत."

आतल्या खोलीतून ज्योत्स्ना बाहेर आली. कानावरचा हेडफोन तिनं गळ्यात घातला.

"काकाजी, आत या. मले दाखवा नेमकं कुठं."

कुठं ते इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. रूपराव चप्पल काढून आत गेले.

ज्योत्स्नानं कॉम्प्युटरमधलं मूळ लावलं. मांडव आला, बाया आल्या, जातं आलं. विमलाबाईंचा हात गोल फिरू लागला.

"दिसलं?" रूपराव म्हणाले.

"नाही."

"पुन्हा लाव. तू तिच्याकडं नको पाहू, तिच्याकडं मी पाहतो. तू जात्याचा खुंटा पाह्य."

ज्योत्स्नानं खुंट्याकडं पाहिलं. खुंटा फिरत होता. फिरता फिरता बारीक बारीक कचकत होता. डोळा लावून पाहिलं नाही तर कळलं नसतं, आणि एकदा कळलं की दुसरं काही दिसत नव्हतं.

"आई गं," ती म्हणाली. "हे तर सगळीकडं हाये."

"तिचा हात असा नव्हता," रूपराव म्हणाले. "तीस वर्षं मी तो हात पाह्यला. नव्या पट्ट्यावर चाक फिरते तसा फिरे. एक कण इकडचा तिकडं नाई. जातं असं चाललं असतं तर हळद भरड निघाली असती. छायाच्या लग्नातली हळद भरड नव्हती."

ज्योत्स्नानं हा पुरावा मान्य केला. तिनं चित्र थांबवलं आणि बाणाची कळ दाबली. एकदा दाबली की एकच फोटो पुढं सरकायचा.

"व्हिडिओ म्हणजे फोटोच असतात, काकाजी. एकामागून एक पळवले की हललं असं वाटते. आता एकेक पाहू."

टक. खुंटा थोडा सरकला. टक. सरकला. टक, टक, टक. सरकला. टक. सरकला नाही.

"उभा राह्यला," रूपराव म्हणाले.

टक. सरकला. पुन्हा चार वेळा सरकला. सहाव्याला उभा.

"पुन्हा कर."

पाच हलले, सहावा उभा. पुढं पाच हलले, सहावा उभा.

रूपरावांनी मांडीवर थाप मारली. "गिअरचा दात! दर सहावा दात झिजला हाये. काऊन झिजला थे पाह्य."

ज्योत्स्नाचा चेहरा बदलला. तिनं सेटिंगची खिडकी उघडली, एक आकडा वाचला, आणि बाहेर हाक मारली.

"अहो, इकडं या. हे तीस कोणी केलं?"

गजेंद्र दारात आला. "मीच केलं. मागच्या वर्षी, कॉम्प्युटर आणला तवाच. आधी पंचवीस होतं. खाली तीसही लिहून होतं. जास्त देता येते तर गिऱ्हाइकाले कमी काऊन द्यावं?"

"अहो, आपल्याकडचे कॅमेरे सेकंदाले पंचवीसच फोटो काढतात. तीस अमेरिकेत. तुम्ही त्याले तीस मागितले, तर वरचे पाच तो कुठून आणणार? पाच फोटो झाले की शेवटचाच पुन्हा दाखवते. झाले तीस."

"म्हणजे मी जास्त दिलं ना!"

"तेच तर सांगून राह्यली मी. जास्त दिलं म्हणून बिघडलं."

एवढ्यात बंडूजी चहाचे कप घेऊन वर आले. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं.

"कोणी जास्त दिलं?"

"गजेंद्रनं, मले," रूपराव म्हणाले.

बंडूजींची छाती फुगली. "देईनच. आपल्या घरची रीत हाये रूपरावजी. काटा बरोबर झाला की वरून चिमूटभर टाकाचं. माह्या बापानं टाकलं, मी टाकतो, पोरगाही टाकते."

"बाबा, ही साखर नाई," ज्योत्स्ना म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली. बंडूजींनी चहा थंड होईपर्यंत ऐकलं. मग हळूच विचारलं, "किती लग्नाइत असं वरून टाकलं यानं?"

"दोन सीझन. सत्तरेक."

"आन कोणी काहीच बोललं नाई?"

"लग्नात सगळे नाचतात, बाबा. नाचताना अडखळलेलं कोणाले दिसते?"

गजेंद्र पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभा होता. "मंग काकाजी, आता पंचवीस करून कॅसेट पुन्हा..." तो म्हणाला आणि मध्येच थांबला. कॅसेट कोणी गिळली ते त्याला आठवलं.

खालून मिरचीचा ठसका आला. रूपरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"सूनबाई," ते म्हणाले, "जो माल हाये त्यातच पाहू. तिचे खरे फोटो सगळे हायेत ना त्यात? एखादा गेला तर नाई?"

"खरे सगळे हायेत. जास्तीचे मिसळले."

"मंग काढून टाकू. कापसातून सरकी काढत नाई का? जिंदगीभर तेच केलं मी."

ज्योत्स्नानं आधी मशीनकडून करून पाहिलं. दर सहावा फोटो काढ म्हणून सांगितलं. पण ते बिघडलं. कॉम्प्युटर भरताना मध्ये मध्ये दमला होता, कुठं पाचवाच उभा होता, कुठं सातवा. मशीननं डोळे झाकून सहावा काढला तर विमलाबाईंचे खरे फोटो जात होते आणि खुंटा एकदम उडी मारत होता.

"एकेक डोळ्यानं पाहूनच काढावा लागते," ती म्हणाली. "सत्तर सेकंद म्हणजे एकवीसशे फोटो. त्यातले साडेतीनशे काढायचे. काकाजी, माझ्याकडं अकरा लग्नं पडून हायेत..."

"तू कायले करतं? मले शिकव. कळ कोणती दाबू थे सांग."

दोन कळा होत्या. एक बाणाची, एक पुसायची. ज्योत्स्नानं आवाज वेगळा काढून त्याला कुलूप घातलं, म्हणजे चुकून आवाजाला धक्का लागू नये, आणि खुर्ची सोडली.

दुसऱ्या दिवसापासून रूपराव सकाळच्या जीपनं येऊ लागले. किती काढले ते कळावं म्हणून त्यांनी बंडूजींकडून तुरीचे साडेतीनशे दाणे मागून घेतले. एक फोटो पुसला की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. बंडूजींनी दाणे दिले. रूपरावांनी मोजले, तर तीनशे बासष्ट.

"बंडूजी!"

"हात आपोआप जाते हो," बंडूजी म्हणाले आणि बारा दाणे परत घेतले.

पहिल्या दिवशी चाळीस फोटो निघाले आणि अकरा वाजता लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, अकरा ते दोन लाइट जायची हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सेव्ह करायचं असतं हे रूपरावांना माहीत नव्हतं. लाइट आली तेव्हा चाळीसही फोटो जिथल्या तिथं परत उभे.

"बह्याड मशीन हाये," रूपराव म्हणाले. वाटी उलटी केली आणि पहिल्यापासून बसले. त्यानंतर दर दहा दाण्यांना ते ओरडायचे, "सूनबाई, सेव्ह!" आणि ज्योत्स्ना पोळी लाटता लाटता येऊन कळ दाबून जायची. दुसऱ्या दिवशी तेही ते स्वतःच करू लागले.

काम कंटाळवाणं होतं, असं बाकीच्यांना वाटे. रूपरावांना वाटत नव्हतं. सत्तर सेकंदांत विमलाबाई जातं फिरवते, हे आतापर्यंत कोणीही पाहिलं असतं. पण तिच्या कपाळावरची बट कोणत्या फोटोत सुटते आणि कितव्या फोटोत ती मनगटानं मागं सारते, हे जगात त्यांना एकट्यालाच माहीत झालं होतं. तानाबाई दळायचं नाटक करत होती, खुंट्याला नुसता हात लावून होती, हेही त्यांना दहा वर्षांनी कळलं. ते एकटेच हसले.

"काय झालं काकाजी?" गजेंद्रनं विचारलं.

"काही नाई. बहिणीची चोरी पकडली."

तिसऱ्या दिवशी दुपारी खरी अडचण आली. वाटीत तीस-बत्तीस दाणे उरले होते आणि रूपराव त्या जागी पोचले जिथं जातं थांबतं. त्यांनी कळ दाबली. उभा. पुन्हा दाबली. उभा. पुन्हा उभा. कितीही दाबा, खुंटा उभाच, हात उभाच, विमलाबाईंची नजर उभी.

"सूनबाई, इकडं ये. इथं सगळेच उभे हायेत."

ज्योत्स्ना आली. तिनं चित्र मोठं करून पाहिलं. पदर पाहिला, मागच्या बाया पाहिल्या. काही हलत नव्हतं. तीन सेकंद सगळा मांडव थांबलेला.

"काकू स्वतःच थांबल्या होत्या ना. आता यातला खरा कोणता आन मशीननं टाकलेला कोणता, ओळखूच येत नाही. नव्वद फोटो हायेत, पंधरा जास्तीचे." तिनं थोडा विचार केला. "अंदाजानं पंधरा काढून टाकू, काकाजी. सगळे सारखेच. कोणाले समजणार?"

रूपरावांनी पुसायच्या कळीवर बोट ठेवलं. मग काढलं. पुन्हा ठेवलं. जिनिंगमध्ये सरकीबरोबर थोडा कापूस गेला तर कोणी रडत नाही. पण तिथं कापसाचे ढीग असत. इथं पंचाहत्तर फोटो होते, ज्यांत ती त्यांच्याकडं पाहत होती. एवढेच होते. नवे येणार नव्हते.

"अंदाजानं नको," ते म्हणाले. "एखादा तिचा खरा गेला तर?"

"पण मग पुढचं बोलणं जुळणार नाही. आवाज आधी येईन आन ओठ मागून हलतीन."

"किती फरक पडते?"

"अर्धा सेकंद. थोडा जास्तच."

"मंग आवाजालेच अर्धा सेकंद थांबव ना. त्या टायमाले बाया कुजबुजत होत्या, बाकी काही नव्हतं. त्यातलीच थोडी कुजबुज अजून लाव."

ज्योत्स्नानं त्यांच्याकडं पाहिलं. असं तिच्या कोर्सातल्या सरांना सुचलं असतं की नाही, देव जाणे. तिनं आवाजाचं कुलूप उघडलं, बायांची अर्धा सेकंद कुजबुज उचलून तिथंच शेजारी जोडली आणि चालवून पाहिलं. जोड कळला नाही. ओठ आणि शब्द बरोबर बसले.

"फक्त," ती म्हणाली, "काकू तुमच्याकडं अर्धा सेकंद जास्त पाहतीन."

"पाहू दे," रूपराव म्हणाले.

त्यांनी पुढचे उरलेले फोटो काढले. शेवटी पहिल्या वाटीत पंधरा दाणे राहिले. ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले.

त्या सत्तर सेकंदांसाठी ज्योत्स्नानं वेगळी डीव्हीडी केली. आख्खं लग्न सोबत कोंबलं नाही, म्हणजे दाबावं लागू नये. गजेंद्रनं त्यावर चार गाणी आणि बदामाचा आकार टाकून देण्याची तयारी दाखवली. रूपराव म्हणाले, "गजेंद्रभाऊ, आता वरून काही नको टाकू."

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली, पाहुणे पांगले. आंजीच्या घरात घरचेच उरले. जावयानं आणलेल्या नव्या प्लेअरमध्ये रूपरावांनी स्वतः डिस्क घातली. लाइट होती.

जातं फिरू लागलं. गुळगुळीत, कुठंही न कचकता.

"आई अशीच दळे," छाया म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

"मी किती जोर लावून राह्यली पाह्य," तानाबाई म्हणाल्या.

"पाह्यलं," रूपराव म्हणाले. "मी एकेक पाह्यला तुह्या जोराचा."

जातं थांबलं. विमलाबाईंनी मान वर केली. पाहिलं. पाहत राहिल्या. आणि मग म्हणाल्या, "अवो, गुंड्या तरी नीट लावा!"

खोलीतले सगळे हसले. टीव्हीतल्या बायाही हसल्या. छायानं डोळे पुसत विचारलं, "बाबा, आई इतका वेळ पाहून राह्यली होती तुमच्याकडं? मले वाटे, पटकन बोलली होती."

"पटकनच बोलली होती," रूपराव म्हणाले. "थोडं गजेंद्रनं वरून टाकलं."

छायाला काही कळलं नाही. रूपरावांनी रिमोट उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.